दोन बाटल्या

सुपरच्या ओपीडीत चौतीस नंबरची चिठ्ठी.
बाकावरची बाई आईच्या पोटाकडे बघत विचारते,
"तुमच्यात कोण पितं?"
"मी," आई म्हणते. "पाणी. तेबी मोजून."

दिवसाला एक लिटर,
पट्टी चिकटवलेल्या निळ्या बाटलीतून.
मीठ नाही, लोणचं नाही, ठेच्याचं नावही नाही.
आळणी वरण ती कांड्या भरल्यासारखी खाते,
मान खाली घालून, संपेस्तोवर.

व्हायरस गेला, हे खरं आहे.
बारा आठवडे रोज एक गोळी,
मग कागदावर आलं: आढळला नाही.
मी गोळीबार चौकातून पाव किलो पेढे घेऊन गेले.
डॉक्टरांनी एक घेतला, खाल्ला नाही,
मशीनचा आकडा दाखवला: अडतीस.
सातच्या आत असायला हवा होता.
मग आईच्या उजव्या बरगडीखाली दोन बोटं ठेवली.
"काळीज इथं असतं, मावशी."
आई रिक्षात बसेपर्यंत गप्प.
मग म्हणाली, "अन मी जल्मभर डावीकडेच हात ठेवून
धस्स झालं म्हणत होती वं."

"हात पुढे करा, ट्रॅफिक पोलिसासारखे."
तळहात आपोआप खाली पडतात, वर येतात, पडतात.
"हे पाय, टाटा करून राहिले," ती हसते.
डॉक्टर हसत नाहीत. पातळ औषध वाढवतात.

ते औषध एका रात्री चुकलं, माझ्याच हातून.
दोन वाजता ती परसात,
भंगारात गेलेल्या मागाच्या जागी बसून
हवेतला धागा लावत होती.
मी उठवायला गेले तर पदर सावरून म्हणाली,
"बसा ना बाई. तुमाले पोरंबाळं किती?"

मला उत्तर माहीत होतं.
मी एकच. मारबतीच्या दिवशी झाले.
इतवारीत मिरवणूक, रस्ता गच्च,
बाबांनी सायकलरिक्षा तीनदा वळवली,
आणि आईखालचं लुगडं भिजतच राहिलं.
नर्सिंग होममध्ये दोन बाटल्या रक्त चढलं
तेव्हा कुठे तिनं डोळे उघडले.
त्या काळी ही तपासणीच नव्हती,
डॉक्टर सांगतात, कोणाचाही दोष नसल्यासारखं.
मी हिशेब करते, माझं वय आणि तिचा आजार:
एकाच दिवशीचे.

द्यायचं म्हटलं तर माझा ग्रुप बी, तिचा ओ.
काकांकडून फोन येतो, ते देवाचं बघतात.
काकू आल्या की आपला कप पिशवीतून काढतात,
जाताना न विसळता तसाच ठेवतात परत.

यंदा ती म्हणाली, मले कोपऱ्यापर्यंत ने.
परवाच पाच लिटर पाणी काढलं होतं,
पाय काड्यांसारखे, डोळे हळदीचे.
ढोल आले. पोट्टे घसा फाटेस्तोवर ओरडत होते,
खोकला घेऊन जा, खरूज घेऊन जा,
महागाई घेऊन जा गे मारबत.
पिवळी मारबत समोरून गेली, दोन माणसं उंच.
आई तिच्याकडे बघत राहिली, ओळखीच्या बाईकडे बघावं तशी.
"रंग सारखाच आला वं," म्हणाली.

मी वाट बघत होते, ती काय न्यायला सांगते.
तिनं काहीच नाही सांगितलं.
गर्दी ओसरली, रस्त्यावर चपला, फुटलेले फुगे.
मग माझ्या दंडाला धरून, दम घेत:

"ज्यानं त्या बाटल्या देल्या,
मी दरसाली त्याच्या नावानं दिवा लावतो.
नाव नाई माहीत, तरी लावतो.
तू हायेस ना त्याच्यानं.

तोबी असाच फुगला असन का वं कुठी?
त्याले कोणी सांगतलं असन का?"